पीएक्सई इन्स्टॉलेशन : काही सर्व्हर चालतात, काही दर वेळी अडकतात

एकाच मॉडेलचे वीस सर्व्हर रॅकमध्ये चढवलेत. पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट होऊन त्यांच्यावर रेड हॅट, रॉकी, डेबियन किंवा उबंटू यांपैकी एक लिनक्स आपोआप बसायला हवे. त्यातले बहुतेक सुरळीत होतात आणि चार-पाच अडकतात. एखादा डीएचसीपीच्या, म्हणजे आयपी पत्ता मागण्याच्या, ओळीवरच थांबतो. एखाद्यात कर्नल चढतो, पण किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरला द्यायच्या उत्तरांची यादी) सापडत नाही. एखादा सगळे इन्स्टॉल करून रीबूट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. परत चालू केले की अडकलेल्यांतले दोन चालतात. मग कुणी केबल बदलतो, कुणी फर्मवेअर अपडेट करतो, कुणी डीएचसीपी सेवा रीस्टार्ट करतो. त्या दिवसाचे काम निभावते आणि पुढच्या बॅचला तोच गोंधळ पुन्हा उभा राहतो.

हा त्रास परत परत येण्याचे मूळ माझ्या मते एकाच गैरसमजात आहे. नेटवर्क बूट ही एक सलग क्रिया आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकामागून एक वेगवेगळे प्रोग्राम मशीनचा ताबा घेतात: आधी नेटवर्क कार्डाचे किंवा यूईएफआयचे (जुन्या बायोसच्या जागी आलेली प्रणाली) फर्मवेअर, मग कर्नल चढवणारा बूटलोडर, मग कर्नल आणि इनिट-आरडी (कर्नलसोबत मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम), शेवटी इन्स्टॉलर. यातले बहुतेक जण नेटवर्क स्वतः नव्याने उभे करतात. फर्मवेअरने मिळवलेला आयपी पत्ता कर्नलला आपोआप मिळत नाही. फर्मवेअरचा ड्रायव्हर वेगळा, कर्नलचा वेगळा. त्यामुळे ‘अहो, पीएक्सई चालतंय की, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हे वाक्य कुणी म्हटले तर ते मान्य करू नका. एक टप्पा पार पडला म्हणून पुढच्या टप्प्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. अडकलेले मशीन नेमके कोणत्या टप्प्यावर आहे, हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

टप्पा ओळखायचा कसा

मशीनच्या स्क्रीनवर विसंबू नका. दूरच्या कन्सोलवर संदेश निसटतात आणि जो दिसतो तो बऱ्याचदा परिणामाचा असतो, कारणाचा नसतो. एका अडकलेल्या सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) घ्या आणि सर्व्हरच्या बाजूचे तीन लॉग उघडा: डीएचसीपीचा, टीएफटीपीचा (फाइल पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल) आणि एचटीटीपीचा ॲक्सेस लॉग. त्या मॅकची किंवा त्याला मिळालेल्या आयपीची शेवटची नोंद कोणती, तिथे तुमचा टप्पा आहे.

डीएचसीपीमध्ये मशीन डिस्कव्हर पाठवून पत्ता मागते, सर्व्हर ऑफर देतो आणि मशीन रिक्वेस्टने ती स्वीकारते. डिस्कव्हरच आलेला नसेल तर दोष स्विच, व्हीएलएएन (स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) किंवा रिलेमध्ये (दुसऱ्या नेटवर्कवरची मागणी सर्व्हरकडे पोचवणारा) आहे. डिस्कव्हर आणि ऑफर यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा दिसतात पण रिक्वेस्ट येत नाही, तर ऑफर मशीनपर्यंत पोचत नाही किंवा मशीनला ती पटत नाही. पत्ता मिळाला पण टीएफटीपीत नोंद नाही, तर बूटफाइलचे नाव, पुढच्या सर्व्हरचा पत्ता किंवा फायरवॉल पाहा. कर्नल आणि इनिट-आरडी पूर्ण उतरले आणि किकस्टार्टची विनंतीच आली नाही, तर कर्नलनंतरचे नेटवर्क बिघडले आहे. किकस्टार्टही नेली गेली, तर नेटवर्कला मोकळे सोडा आणि त्या फाइलमधला मजकूर तपासा.

लॉग पुरेसे बोलत नसतील तर डीएचसीपी सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पाकिटे टिपणारे साधन) लावा. फक्त पोर्ट ६७, ६८ आणि ६९ पकडू नका, कारण टीएफटीपीचा डेटा ६९ वरून येतच नाही. त्या मशीनच्या मॅकवर फिल्टर लावा. मध्ये रिले असेल तर मॅक पाकिटाच्या आत असतो, तेव्हा रिलेच्या पत्त्यावर फिल्टर लावून आतला मॅक शोधावा लागेल.

पत्ताच मिळत नाही

लेगसी बायोसवर याचा संदेश पीएक्सई-ई-५१ असतो, यूईएफआयवर बहुधा ई-१६. दोन्हींचा अर्थ एकच: ऑफर मिळाली नाही. ‘रीबूट केले की कधी कधी चालते’ या तक्रारीचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो, म्हणून इथे थोडे थांबू.

इंटेलने १९९९ साली काढलेल्या पीएक्सई २.१ च्या स्पेसिफिकेशनप्रमाणे मशीन डिस्कव्हर पाठवते आणि ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशी वाट पाहते. म्हणजे पहिला डिस्कव्हर शून्याव्या सेकंदाला, दुसरा चौथ्या, तिसरा बाराव्या आणि चौथा अठ्ठाविसाव्या सेकंदाला निघतो. त्यानंतर नुसती वाट पाहणे. आता स्विचकडे या. लिंक वर आली की स्पॅनिंग ट्रीचा (स्विचांमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग अवस्थेत काढतो. या ३० सेकंदांत तो मशीनचे एकही पाकीट पुढे जाऊ देत नाही. शेवटचा डिस्कव्हर अठ्ठाविसाव्या सेकंदाला, पोर्ट उघडतो तिसाव्याला. चारही हाका वाया गेल्या.

आता दोन सर्व्हरांच्या वागण्यात फरक का पडतो ते उलगडते. एखाद्या मशीनमध्ये लिंक वर येणे आणि पहिला डिस्कव्हर निघणे यांत तीन सेकंदांचे अंतर पडले, कारण त्यात मेमरी जास्त आहे किंवा रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारा) कंट्रोलर सुरू व्हायला वेळ घेतो, तर चौथा डिस्कव्हर पोर्ट उघडल्यावर पोचतो आणि सगळे सुरळीत होते. शेजारच्या मशीनमध्ये हे अंतर एका सेकंदाचे आहे, म्हणून ते हरते. हार्डवेअर दोन्हींचे निर्दोष आहे. टीसीपीडंपमध्ये याचा पुरावा मिळतो. डीएचसीपीच्या पाकिटात ‘secs’ (सेकंद) नावाचा आकडा असतो, मशीन किती सेकंदांपासून पत्ता मागते आहे ते त्यात लिहिलेले असते आणि बहुतेक फर्मवेअर तो भरतात. सर्व्हरपर्यंत आलेल्या पहिल्याच पाकिटात तो मोठा दिसला, तर आधीची पाकिटे वाटेत गेली.

उपाय स्विचवर आहे. सर्व्हरला जोडलेले पोर्ट एज पोर्ट (वाट न पाहता लगेच उघडणारे) करा. सिस्कोच्या भाषेत पोर्टफास्ट, आणि पोर्ट ट्रंक (अनेक व्हीएलएएन वाहणारा) असेल तर त्याचा ट्रंकसाठीचा प्रकार. सोबत बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे चुकून तिथे दुसरा स्विच जोडला गेला तरी लूप होणार नाही. ‘आमच्याकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे, हा प्रश्न येत नाही’ असे उत्तर नेटवर्क टीमकडून येऊ शकते. रॅपिडचा वेगवान संवाद दोन स्विचांमध्ये होतो. पलीकडे सर्व्हर असेल आणि पोर्ट एज म्हणून नोंदलेला नसेल, तर तिथेही तेवढेच ३० सेकंद जातात.

दुसरे कारण लिंक ॲग्रिगेशन, म्हणजे अनेक तारा मिळून एकच जोडणी करणे. इन्स्टॉलेशननंतर दोन पोर्टांचे बाँडिंग करायचे आहे म्हणून स्विचवर ते आधीच बांधून ठेवतात. फर्मवेअरला एलएसीपी (अशा जोडणीची बोलणी करणारा प्रोटोकॉल) येत नाही. स्विच एलएसीपीच्या पाकिटाची वाट पाहत पोर्ट निलंबित ठेवतो. सिस्को नेक्ससवर निलंबनाची ती सेटिंग काढावी लागते, अरिस्टावर एलएसीपी फॉलबॅक आहे, जुनिपरवर फोर्स-अप आहे. एलएसीपी न वापरता स्थिर बंडल केले असेल तर लक्षण आणखी फसवे असते. स्विच उत्तर कोणत्या तारेवरून पाठवायचे ते हॅशवरून ठरवतो, आणि काही मशीनच्या बाबतीत ते नेहमी दुसऱ्याच कार्डावर जाऊन पडते. ही मशीन अधूनमधून नव्हे, तर दर वेळी तीच अडकतात. असा ठरावीकपणा दिसला की बंडलकडे पाहा.

व्हीएलएएनची गोष्ट छोटी आहे. फर्मवेअर टॅग न लावता पाकीट पाठवते, म्हणून ट्रंकवर इन्स्टॉलेशनचा व्हीएलएएन नेटिव्ह (बिनटॅगचा) ठेवा. आणि मशीन पाच-सात मिनिटे ‘हँग’ वाटत असेल तर ते कदाचित चारही पोर्टांवर आधी आयपीव्ही४ आणि मग आयपीव्ही६ असे एकेक करून पाहत असेल. नको असलेले पर्याय फर्मवेअरमध्ये बंद केले की तो वेळ वाचतो.

पत्ता मिळाला, पण फाइल चुकीची

जुन्या बायोसला पीएक्सईलिनक्स या बूटलोडरची फाइल लागते, यूईएफआयला ईएफआय प्रकारची. दोघांना एकच नाव दिले तर एक गट नक्की अडकणार. मशीन स्वतःचा प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये सांगते: ० म्हणजे बायोस, ७ किंवा ९ म्हणजे ६४ बिट यूईएफआय, ११ म्हणजे ६४ बिट आर्म. ७ आणि ९ या दोन्हींना एकच फाइल द्या. नुसते ७ लिहून ठेवलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये ९ सांगणारे एखादे फर्मवेअर आले की ते बाहेर राहते. डीएचसीपी सर्व्हर म्हणून डीएनएसमास्क (dnsmasq) वापरा किंवा किआ (Kea), दोन्हींत ही अट लिहिता येते. आयएससीचा जुना डीएचसीपी सर्व्हर २०२२ मध्ये बंद झाला आहे, नवीन मांडणी त्यावर उभारू नका.

ई-५३ दिसले तर पत्ता मिळाला पण बूटफाइलचे नाव मिळाले नाही. अशा वेळी त्याच व्हीएलएएनमध्ये दुसरा डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो आहे का ते आधी पाहा. चाचणीसाठी कुणीतरी चालू केलेले व्हर्च्युअल मशीनही असू शकते. दोन सर्व्हरांपैकी ज्याचे उत्तर आधी पोचेल त्यावर निकाल ठरतो, म्हणून इथेही कधी चालते, कधी नाही.

आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा जास्त सोयींचा बूटलोडर) वापरत असाल तर एक सापळा ठरलेला आहे. फर्मवेअर आयपीएक्सई उतरवते, आयपीएक्सई पुन्हा डीएचसीपी मागतो, त्याला पुन्हा आयपीएक्सईचेच नाव मिळते आणि हे चक्र थांबत नाही. डीएचसीपीत युजर क्लासची अट घाला: मागणारा आयपीएक्सई असेल तर स्क्रिप्टचा पत्ता द्या, नाहीतर आयपीएक्सईची फाइल द्या.

टीएफटीपी

हा प्रोटोकॉल १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये आहे आणि त्याची मर्यादा समजून घेतली तर पुष्कळ कोडी सुटतात. तो ५१२ बाइटचा एक ठोकळा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. १०० एमबीच्या इनिट-आरडीसाठी असे २,०४,८०० ठोकळे होतात. जाण्या-येण्याला १ मिलिसेकंद लागत असेल तर साडेतीन मिनिटांच्या आत काम होते. पण टीएफटीपी सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल आणि जाण्या-येण्याला २० मिलिसेकंद लागत असतील, तर नुसत्या वाट पाहण्याला एक तास आठ मिनिटे जातात. बँडविड्थ कितीही वाढवा, हा आकडा हलत नाही. ठोकळा १४६८ बाइटचा केला तरी चोवीस मिनिटे राहतात. एवढ्या वेळात यूडीपीचे एखादे पाकीट हरवते, कुणाचा तरी टाइमआउट होतो आणि आपण म्हणतो, सर्व्हर अडकला.

म्हणून टीएफटीपीवरून फक्त बूटलोडर न्या. कर्नल आणि इनिट-आरडी एचटीटीपीवरून, ग्रब या बूटलोडरमार्फत किंवा आयपीएक्सईमार्फत आणा. नव्या मशीनमध्ये टीएफटीपी पूर्णपणे टाळता येतो, कारण यूईएफआय २.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, एचटीटीपी बूटची सोय आहे. एचटीटीपीचा आणखी एक फायदा मला वेगापेक्षाही मोलाचा वाटतो: प्रत्येक फाइलची नोंद एकाच ॲक्सेस लॉगमध्ये येते आणि टप्पा ओळखणे सोपे होते.

टीएफटीपी ठेवावाच लागला तर दोन गोष्टी तपासा. पहिली, फायरवॉल. विनंती पोर्ट ६९ वर येते, पण सर्व्हर उत्तर नव्याच पोर्टवरून देतो. नुसते ६९ उघडून भागत नाही, लिनक्सवर कनेक्शन ट्रॅकिंगचे टीएफटीपीचे मॉड्यूल लावावे लागते. ई-३२ किंवा ई-१८ अशा टाइमआउटमागे बहुतेकदा हेच असते. दुसरी, एसईलिनक्स, म्हणजे लेबलांवरून फाइलींचा प्रवेश ठरवणारी लिनक्सची सुरक्षा. होम डिरेक्टरीतून फाइल मूव्ह केली तर तिचे जुने लेबल तसेच राहते आणि परवानग्या बरोबर दिसूनही टीएफटीपीला ती वाचता येत नाही. कॉपी करा, किंवा मूव्ह केल्यावर रिस्टोरकॉन ही लेबल दुरुस्त करणारी कमांड चालवा.

इथेच आणखी एक किरकोळ वाटणारी, पण खूप वेळ खाणारी बाब. पीएक्सईलिनक्स मशीननिहाय कॉन्फिगरेशन शोधताना मॅक पत्ता छोट्या (लोअरकेस) अक्षरांत, डॅश घालून आणि सुरुवातीला ०१ लावून शोधतो. इन्व्हेंटरीतून आलेला मॅक मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत किंवा कोलन घातलेला असेल तर फाइल जागेवर असूनही सापडत नाही आणि मशीन डिफॉल्ट मेन्यूवर जाते. टीएफटीपीच्या लॉगमध्ये मशीनने कोणकोणती नावे मागितली ते दिसते, तिथून ताडून पाहा.

कर्नल चढला, किकस्टार्ट सापडत नाही

सर्वांत जास्त गोंधळ या टप्प्यावर होतो, कारण इथे आलेला माणूस नेटवर्कचा विषय संपला असे समजून बसलेला असतो.

कर्नलचा ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेताना बहुधा ते रीसेट करतो. लिंक खाली जाते, परत वर येते. स्विचला हा नवाच पाहुणा, म्हणून पोर्ट एज नसेल तर तीस सेकंदांची कवायत पुन्हा सुरू. फर्मवेअर कसेबसे त्यातून निसटले होते, पण इनिट-आरडीतला ड्रॅकट (सुरुवातीची तयारी करणारा प्रोग्राम) तेवढा धीर धरेलच असे नाही. म्हणून स्विच दुरुस्त करायला परवानगी मिळेपर्यंत कर्नलच्या ओळीवर ड्रॅकटचे कॅरिअर आणि डीएचसीपीचे टाइमआउट वाढवून ठेवा आणि डीएचसीपीच्या पुनर्प्रयत्नांची संख्याही वाढवा. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, खरा उपाय पोर्टवरच करायचा.

एकाहून जास्त कार्डे असली की इन्स्टॉलर कोणत्या कार्डावर पत्ता मागेल हा प्रश्न येतो. ज्या कार्डावरून बूट झाले तेच वापरायचे असेल तर बूटलोडरकडून त्याचा मॅक कर्नलला पोचवा. पीएक्सईलिनक्समध्ये आयपीअपेंड २ ही ओळ नेमके हेच करते, ती बूटआयएफ नावाने मॅक पुढे देते. ग्रब आणि आयपीएक्सईमध्ये हे आपल्याला हाताने लिहावे लागते. कार्डाचे नाव फाइलमध्ये पक्के लिहून ठेवू नका. दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड बसले की नाव बदलते आणि तेवढे एकच मशीन अडकते.

पत्ते संपण्याचाही प्रकार असतो. फर्मवेअर डीएचसीपीला आपली ओळख सहसा मशीनच्या यूयूआयडीवरून देते, लिनक्स मॅकवरून किंवा डीयूआयडीवरून. डीएचसीपी सर्व्हरला ही वेगळी मशीन वाटतात आणि एकाच सर्व्हरला दोन-तीन पत्ते जातात. शंभर पत्त्यांच्या पूलमध्ये चाळीस सर्व्हर एकदम लावले की शेवटच्या काहींना काहीच उरत नाही. इन्स्टॉलेशनच्या व्हीएलएएनमध्ये लीजचा काळ कमी ठेवा, पूल सर्व्हरांच्या संख्येच्या तिप्पट ठेवा. उबंटूच्या नेटप्लॅनमध्ये ओळख मॅकवरून देण्याची सोय आहे, ती वापरा.

आता आवृत्तीचा मेळ. दर काही महिन्यांनी परत येणारे दुखणे म्हणतात ते हेच. मिररवर (वितरणाची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) नवी पॉइंट रिलीज (छोटी आवृत्ती) येते, रात्रीचा सिंक ती आणतो, पण बूटसाठी ठेवलेला कर्नल आणि इनिट-आरडी जुनेच राहतात. कर्नल एका आवृत्तीचा, इन्स्टॉलरची मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीची. डेबियनचा इन्स्टॉलर निदान स्पष्ट सांगतो की कर्नल मॉड्यूल सापडली नाहीत आणि बहुधा आवृत्ती जुळत नाही. रेड हॅटच्या घराण्यात मात्र डिस्क दिसत नाही किंवा फाइलसिस्टिम माउंट होत नाही अशी लक्षणे येतात आणि माणूस रेड कंट्रोलर तपासत बसतो. काल चालत होते, आज एकही सर्व्हर चालत नाही, असे झाले तर सर्वांत आधी हेच पाहा. सिंक करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच कर्नल आणि इनिट-आरडी त्याच मिररमधून कॉपी करण्याची पायरी घाला, म्हणजे दोघे एकत्रच पुढे सरकतील.

रेड हॅट ९ पासून इन्स्टॉलरचे बूट ऑप्शन सुरुवातीला ‘इन्स्ट डॉट’ लावूनच द्यावे लागतात. जुन्या पद्धतीने नुसते ‘केएस’ लिहिलेले ऑप्शन दुर्लक्षिले जाते आणि समोर ग्राफिकल इन्स्टॉलर उघडतो. डेबियनच्या नेटबूटमध्ये ब्रॉडकॉमच्या काही कार्डांचे फर्मवेअर इनिट-आरडीला आपल्याला जोडावे लागते. ते नसेल तर फर्मवेअरच्या टप्प्यात व्यवस्थित चाललेले कार्ड कर्नलनंतर दिसेनासे होते.

उबंटूने २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल आणले आणि त्याचे सापळे वेगळे आहेत. सूचनांची युजर-डेटा फाइल कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या डेटासोर्सच्या ओळीत अर्धविराम येतो. ग्रबसाठी अर्धविराम म्हणजे कमांडचा शेवट, त्यामुळे पुढचा पत्ता कर्नलपर्यंत पोचतच नाही. ती पूर्ण ओळ अवतरणचिन्हांत ठेवा. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवी, कारण तिच्यापुढे फाइलचे नाव जोडले जाते. युजर-डेटासोबत मेटा-डेटा ही फाइल रिकामी का होईना, पण असावी लागते. आणि कर्नलच्या ओळीवर ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल तर इन्स्टॉलर डिस्क पुसण्याआधी होकार मागत थांबतो. शिवाय नेटवर्कवरून तो अख्खी दोन-तीन जीबीची आयएसओ मेमरीत उतरवतो, म्हणून चार जीबी मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनवर जागा नसल्याची चूक येते. तिथे मेमरी वाढवा, डिस्क वाढवून उपयोग नाही.

एचटीटीपीएस वापरत असाल तर मशीनचे घड्याळ पाहा. बरेच दिवस गोदामात पडून असलेल्या सर्व्हरची बॅटरी उतरलेली असते, तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते आणि प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही म्हणून डाउनलोड नाकारले जाते. बीएमसीकडून (सर्व्हर दुरून सांभाळणारी त्यातली वेगळी चिप) वेळ लावून घेतली की झाले.

कधी कधी काहीच बिघडलेले नसते. इन्स्टॉलेशन व्यवस्थित चालू असते, पण कन्सोल दुसऱ्याच सीरियल पोर्टवर लावलेला असतो आणि आपल्याला काळी स्क्रीन दिसते. कर्नलच्या ओळीवर अनेक कन्सोल दिले असतील तर शेवटी लिहिलेला मुख्य ठरतो. मशीन ओढून बंद करण्याआधी ॲक्सेस लॉगमध्ये पॅकेजे उतरत आहेत का ते नक्की पाहा.

डिस्क

इथे मी कळकळीने सांगतो. डिस्कचे एसडीए हे नाव कोणत्याही विशिष्ट डिस्कला बांधलेले नसते. कंट्रोलर ज्या क्रमाने डिस्क ओळखतो त्या क्रमाने नावे पडतात, आणि यूएसबी किंवा बीएमसीची व्हर्च्युअल ड्राइव्ह जोडलेली असली तरी क्रम बदलू शकतो. सगळ्या डिस्क पुसण्याची ओळ आणि सोबत एसडीए असे लिहिलेली किकस्टार्ट एखाद्या मशीनवर चुकीची डिस्क पुसेल. फायबर चॅनलने (स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कने) स्टोरेज जोडलेले असेल तर पुसले जाणारे एलयूएन (स्टोरेजमधली आभासी डिस्क) दुसऱ्या चालू सर्व्हरचेही असू शकते. किकस्टार्टमध्ये डिस्क तिच्या बाय-आयडी किंवा बाय-पाथ नावाने सांगा आणि फक्त तेवढीच वापरण्याचे बंधन घाला. इन्स्टॉलेशन होईपर्यंत फायबर चॅनलचे झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणते स्टोरेज दिसेल ते ठरवणे) करू नका, किंवा केबलच काढून ठेवा. यात कुणी घाई केली तर त्याला थांबवा.

पुन्हा पुन्हा इन्स्टॉल होणारे मशीन

बायोसच्या मशीनमध्ये बूटक्रमात नेटवर्क पहिले असते आणि ते तसेच राहते. इन्स्टॉल होऊन रीबूट झाले की मशीन पुन्हा पीएक्सईवर येते आणि पुन्हा सगळे पुसून नव्याने सुरू करते. यूईएफआयवर उलटे होते: लिनक्सचा इन्स्टॉलर बूटक्रमात स्वतःची नोंद सर्वांत वर टाकतो, त्यामुळे पुढच्या वेळी मुद्दाम नेटवर्कवरून बूट करायचे म्हटले तरी मशीन डिस्कवरच जाते. दोन प्रकारची मशीन एकाच रॅकमध्ये असली की एकाच मांडणीचे दोन विरुद्ध परिणाम दिसतात.

दोन्हींवर उपाय हा की बूटक्रमात डिस्क पहिली ठेवावी आणि नेटवर्कचे बूट फक्त एका खेपेपुरते मागावे. डिफॉल्ट मेन्यूची निवड नेहमी स्थानिक डिस्क असावी. ज्या मशीनचे नाव इन्स्टॉलेशनसाठी नोंदलेले नाही, त्याला सर्व्हरने इन्स्टॉलर देऊच नये. कॉबलर या इन्स्टॉलेशनच्या साधनात एकदाच पीएक्सई देण्याची सेटिंग आहे. फोरमन या तशाच साधनात इन्स्टॉलेशनच्या शेवटी मशीन ‘बांधून झाले’ असे कळवते आणि त्याची नोंद बदलते. हाताने बांधलेल्या मांडणीत किकस्टार्टच्या शेवटच्या भागातून एक एचटीटीपी विनंती पाठवून त्या मॅकची फाइल काढून टाकता येते.

एका खेपेचे बूट बीएमसीकडून मागताना दोन तपशील सांभाळा, कारण ‘काही मशीन आली, काही नाही’ याचे एक कारण इथेही लपलेले असते. आयपीएमआयच्या (बीएमसीला सूचना देण्याच्या पद्धतीच्या) स्पेसिफिकेशनप्रमाणे बूटची ही सूचना ६० सेकंदांत पॉवरची कमांड आली नाही तर रद्द होऊ शकते. स्क्रिप्टने आधी चाळीस मशीनना सूचना दिली आणि मग चाळीसांना पॉवर दिली, तर सुरुवातीच्या मशीनची मुदत उलटून गेलेली असते आणि ती मुकाट्याने डिस्कवरून बूट होतात. दुसरे, यूईएफआयच्या मशीनला सूचना देताना आयपीएमआयटूलमध्ये ईएफआय बूटचा पर्याय जोडा. तो नसेल तर काही बीएमसी त्या खेपेपुरते लेगसी बूट मागतात, मशीन ९३ व्या ऑप्शनमध्ये ० सांगते आणि तिला चुकीची फाइल मिळते. रेडफिश (त्याच कामाची नवी पद्धत) असेल तर तेच वापरा, त्यात ‘एकदाच’ आणि यूईएफआय दोन्ही स्पष्ट लिहिता येतात. आयपीएमआयच वापरायचे तर लूप असा लिहा: एका मशीनला सूचना, लगेच त्याच मशीनला पॉवर सायकल, ॲक्सेस लॉगमध्ये तिची पहिली विनंती दिसली की मग पुढचे मशीन.